पुतळीची आतली बाजू

"ताई, ह्या एकीवरचा माणूस आडवा झोपलाय," पटवेकरी म्हणाला आणि पुढे ओवू लागला. त्याच्या लेखी विषय तिथेच संपला होता. आजीच्या पुतळ्यांच्या माळेचा, म्हणजे सोन्याच्या नाण्यासारख्या चकत्यांच्या माळेचा, रेशमी गोफ कुजला होता, एके ठिकाणी तर माळ नुसत्या दोन तारांवर लोंबत होती, म्हणून ती घेऊन मी पेठेतल्या त्याच्या गाळ्यात बसले होते. त्याने पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून ताणून धरलं होतं आणि एकेक पुतळी कडीतून सरकवत होता. सरकवण्याआधी तो प्रत्येक पुतळी पालथी करून बघायचा. ही त्याची सवय असावी. मी विचारलं, आडवा म्हणजे? त्याने हात न थांबवता माळ माझ्याकडे वळवली. बाकी पुतळ्यांवर पुढून आणि मागून, दोन्हीकडची माणसं सरळ उभी. ह्या एकीची पुढची बाजू सरळ, पण उलटवली की मागची दोन माणसं कुशीवर पडलेली. "साच्यात चूक झाली असेल," मी म्हटलं. तो म्हणाला, "चूक नाही. ही मुळात गळ्यात घालायला केलेलीच नाही. कडी नंतर लावलीय." एवढं बोलून त्याने मजुरीचा आकडा सांगितला.

आजीची माळ वर्षभर पितळी डब्यात, सराफांच्या त्या गुलाबी कागदात गुंडाळलेली असे. गौरींना आणि घरच्या कार्याला बाहेर निघे. नऊवारीचा पदर खांद्यावरून आला की माळेचा खालचा भाग त्याच्याखाली जाई आणि पुतळ्या अंगाला चिकटून राहत. दुपारी जेवणं झाली की मी तिच्या मांडीवर डोकं टाकून त्या एकेक उलटवत बसे. वरून गार, आतून उबदार, आणि आतल्या बाजूला घामाचा, हळदीचा, पावडरचा मिळून एक वास. सोनं सोन्यावर आपटलं की चांदीसारखं वाजत नाही, त्याचा आवाज बोदा असतो. तो मला अजून ओळखता येईल. आजी सांगे, हा उभा आहे तो राम, हा गुडघे टेकून बसलेला मारुती आणि मधली काठी म्हणजे पताका. पलीकडे प्रभावळीत उभी आहे ती लक्ष्मी. मारुतीला शेपूट का नाही, असं मी विचारलं की ती म्हणे, "झिजलं असेल." ह्या उत्तरात काही खोट आहे असं मला कधी वाटलं नाही, आणि आज सगळं वाचून झाल्यावरही ते उत्तर मला पुष्कळसं बरोबरच वाटतं.

पण तो आडवा माणूस काही डोक्यातून जाईना. घरी आल्यावर सगळे दिवे मालवले, माळ टेबलावर पसरली आणि मोबाइलचा टॉर्च अगदी टेबलाच्या पातळीला, कडेने धरला. जुन्या नाण्यांची नाद असलेल्या एका मित्राने सांगितलेली ही युक्ती. समोरून उजेड टाकला तर झिजलेलं सोनं नुसतं चकाकतं. कडेने टाकला की मेलेल्या रेषांनाही सावली पडते. बाकीच्या पुतळ्यांवर कडेकडेने काड्या दिसत होत्या, उभ्या, आडव्या, मधे ठिपके. अक्षरांचा नुसता भास. ह्या एकीवर मात्र प्रभावळीच्या भोवती चक्क अक्षरं होती. रोमन, नीट बसवलेली, एक पूर्ण ओळ. सित तिबी क्रिस्ते दातुस क्वेम तू रेगिस इस्ते दुकातुस, ह्या लॅटिन वाक्याचं आखूड करून कोरलेलं रूप. हे ख्रिस्ता, ज्यावर तुझीच सत्ता आहे ते हे राज्य तुला वाहिलेलं असो. म्हणजे प्रभावळीतली आमची लक्ष्मी हा येशू ख्रिस्त होता. लंबगोल तेजोवलय, आत चांदण्या, एक हात आशीर्वादाला उचललेला, दुसऱ्या हातात ग्रंथ. मागच्या बाजूचा राम हा सेंट मार्क, व्हेनिस शहराचा रक्षक संत. आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून निशाणाची काठी धरणारा मारुती म्हणजे व्हेनिसचा डोज, तिथल्या प्रजासत्ताकाचा निवडून आलेला प्रमुख.

व्हेनिसचा डुकाट. पुढे ह्यालाच झेक्किनो म्हणू लागले.

हे नाणं पाडायचं ठरलं १२८४ मध्ये, जोव्हानी दांदोलो डोज असताना. फ्लॉरेन्सने १२५२ मध्येच आपला सोन्याचा फ्लोरिन काढला होता, आणि व्यापारात मागे राहणं व्हेनिसला मानवणारं नव्हतं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनारांच्या जुन्या तोळे-माशांच्या हिशेबात साडेतीन माशांहून किंचित जास्त. व्यास नव्या एक रुपयाच्या नाण्याएवढा, पण पातळ, बोटांत वाकेल असा. सोनं त्या काळच्या कारागिरांना जितकं शुद्ध करता येत होतं तितकं. आणि मग पाचशे वर्षं ह्या लोकांनी त्यात जवळजवळ काही बदललं नाही. वजन तेच, कस तोच, आणि चित्रही तेच. व्हेनिसमध्ये ह्या काळात केवढे चित्रकार होऊन गेले! भिंती, छतं, वेदी सगळं पालटलं, माणसांच्या शरीरांना मांस आलं, सावल्या आल्या. नाण्यावरचा संत मात्र तसाच ताठ, चपटा, तेराव्या शतकात उभा. हा आळस नव्हता. अलेक्झांड्रिया, हलब (अलेप्पो), जेद्दा, मोखा अशा अरबी बाजारपेठांतल्या सराफांना ते चित्र पाठ झालं होतं. ते बदललं असतं तर त्यांनी नाणं दोनदा कसोटीवर घासलं असतं. सौंदर्यापेक्षा ओळख महाग असते हे त्या व्यापारी शहराला पक्कं ठाऊक होतं. मारिया थेरेसाचा चांदीचा थेलर असाच; ती राणी १७८० मध्ये वारली आणि त्यानंतर आजतागायत तो १७८० सालाच्याच शिक्क्याने पाडला जातो, कारण तांबड्या समुद्राकाठच्या लोकांना दुसरा नको होता.

ह्या सेंट मार्कची एक गंमत आहे. व्हेनिसचे लोक स्वतःच सांगत आलेली कथा अशी, की त्याचा देह मुळी व्हेनिसचा नव्हेच. ८२८ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी तो अलेक्झांड्रियातून पळवला, आणि बंदरावरच्या मुसलमान जकातदारांनी हात लावू नये म्हणून टोपल्यांत वरून डुकराचं मांस पसरलं. म्हणजे संत आला तो चोरटा माल म्हणून. आणि पुढची कित्येक शतकं त्याच अलेक्झांड्रियाच्या बंदरातून तो राजरोस बाहेर पडत राहिला, सोन्यावर उभा राहून, जकात भरून. तिथून पुढे इतका लांब आला की शेवटी त्याला कोणी ओळखेना.

तो आपल्याकडे का आला, ह्याचं उत्तर रूक्ष आहे. युरोपला मिरी हवी होती, नीळ हवी होती, सुती कापड हवं होतं. आणि आपल्याला त्यांच्याकडचं फारसं काही नको होतं. मग द्यायला उरला धातू. व्हेनिसच्या माणसाने स्वतः कोकणात यायची गरज नव्हती, नाणं हातोहात येई. एक वाट तर मला फार आवडली: युरोपातले लोक कॉफीसाठी येमेनमधल्या मोख्याला सोनं-चांदी ओतायचे, आणि सुरतेचे व्यापारी तिथेच कापड विकून ते उचलून आणायचे. कोणीतरी व्हिएन्नात कॉफीचा घोट घेतला आणि त्याची किंमत इकडे कोणाच्या तरी गळ्यात येऊन पडली. भडोचला १८८२ मध्ये जमिनीतून जो जुन्या नाण्यांचा साठा निघाला, त्यात इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या नाण्यांबरोबर हे व्हेनिसचे डुकाटही होते. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची मोजदाद आहे, तिथे होनांच्या नाना जातींमध्ये पुतळी हेही एक नाव येतं, कोणतीही फोड न करता, सगळ्यांना माहीतच असल्यासारखं. माझ्या आजीचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. दाभोळ म्हणजे एके काळी आदिलशाहीचं मोठं बंदर, तिथून हजला जाणारी जहाजं सुटायची. ह्यावरून माझ्या पुतळीचा प्रवास रंगवायचा मोह मला होतो, पण आवरते. ती पुण्यात रास्त्यांच्या वाड्यामागे एखाद्या सराफाकडूनही घेतलेली असू शकते.

नाणं ओळखलं, आता साल काढू, असं वाटलं. आणि इथे खरी मजा सुरू झाली. ह्या नाण्यावर साल नसतंच. एकालाही नाही, पाचशे वर्षांत कधीच नाही. काळ कळायचा एकच मार्ग: गुडघे टेकलेल्या डोजच्या पाठीशी त्याचं नाव कोरलेलं असतं, ते वाचायचं आणि त्याची कारकीर्द शोधायची. ख्रिस्ताच्या बाजूवरचं वाक्य प्रत्येक डोजच्या वेळी तेच. म्हणजे एक बाजू कायमची आणि दुसरी बदलती. आणि माझ्या पुतळीवर कायमची बाजू लख्ख वाचता येते, बदलती पार सपाट झाली आहे. संताचं डोकं गेलं, डोजचे गुडघे गेले, दोघांच्या मधली काठी तेवढी कशीबशी उरली आहे.

असं का व्हावं? बराच वेळ मी दोन्ही बाजू आलटून पालटून बघत होते, आणि मग कडीकडे लक्ष गेलं. हे नाणं हातोड्याने पाडलेलं. दोन ठशांच्या मधे चकती ठेवायची आणि वरून घाव घालायचा. वरचा ठसा कसाही फिरलेला असे, त्यामुळे दोन बाजूंचं 'वर' एकमेकांशी जुळेलच असं नाही. नाण्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं. पण गळ्यात घालायचं तर एक बाजू पुढे हवी, आणि तिचं डोकं वर हवं. ज्या सोनाराने हिला पहिल्यांदा कडी जोडली त्याने दोन्ही बाजू पाहिल्या असणार, आणि त्याने कौल दिला प्रभावळीला. चांदण्यांमध्ये उभी असलेली देवता पुढे. दोन परक्या माणसांचा काहीतरी व्यवहार मागे. तो व्यवहार आडवा झाला तर झाला, पोलक्यावर टेकणाऱ्या बाजूकडे कोण बघतंय?

म्हणून व्हेनिसचा तो प्रमुख पिढ्यान्‌पिढ्या कुशीवर पडून आमच्या बायकांच्या छातीला घासत राहिला. शुद्ध सोनं फार मऊ. घाम, खणाचं कापड, कडेवरच्या पोरांची डोकी, जातं ओढताना होणारी हालचाल, ह्या सगळ्याखाली ते साबणाच्या वडीसारखं झिजतं. बाजारात हातोहात फिरलेलं नाणं दोन्ही बाजूंनी सारखं झिजतं. हे एकाच बाजूने झिजलेलं आहे. नेमकी तारीख सांगणारी बाजू आम्ही अंगाकडे केली आणि पुसून टाकली. हे लक्षात आलं तेव्हा मला आधी हसू आलं, आणि मग थोडा रागच आला, कोणाचा ते सांगता येत नाही. आजीला तिचं स्वतःचं जन्मसाल ठाऊक नव्हतं. प्लेगच्या साथीनंतरचा, एवढंच ती सांगे. घरातल्या पुरुषांच्या पत्रिका गुंडाळून ट्रंकेत ठेवलेल्या होत्या.

तरी कडेला थोडं उरलं होतं. एक ए. मग मोकळी, गुळगुळीत जागा. मग ओ, सी, ई, एन. पुढे कडीच्या डाकाखाली सगळं वितळून गेलेलं. एवढ्यावरून आडनाव निघालं: मोचेनीगो. पण ह्या एका घराण्याने व्हेनिसला सात डोज दिले, आणि त्यातल्या चौघांचं नाव आल्विझे. पहिला आल्विझे मोचेनीगो १५७० ते १५७७, त्याच्या काळात लेपांतोची समुद्रावरची लढाई झाली. दुसरा १७०० ते १७०९, तिसरा १७२२ ते १७३२, चौथा १७६३ ते १७७८. नाण्यावर चौघेही सारखेच, नावापुढे पहिला-दुसरा असं काही नाही. म्हणजे पुतळी महाराजांच्या जन्माआधीची असेल, किंवा पानिपतानंतरची. इटलीचा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल राजा नाण्यांचा इतका वेडा होता, की १९१० ते १९४३ ह्या काळात त्याने इटलीच्या नाण्यांची वीस खंडांची सूची छापवून घेतली. एक महायुद्ध त्यातच होऊन गेलं आणि दुसरं चालू होतं. व्हेनिसला त्यात दोन खंड. तिथे एकेका ठिपक्याच्या फरकाने नाण्याचे प्रकार पाडलेले आहेत. संध्याकाळी स्वयंपाक आटोपून मी ती स्कॅन केलेली पानं चाळत बसे आणि ठिपके शोधत असे. अक्षरांच्या वळणावरून मला तो चौथा आल्विझे वाटतो. अठराव्या शतकात ही नाणी इकडे आलीही खूप. पण पाच अक्षरांवर कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तर मी देणार नाही.

ह्या शोधात माझं मन मधूनच फितूर होई आणि माळेतल्या बाकीच्या, 'खोट्या' पुतळ्यांकडे वळे. खोट्या म्हणजे सोनं खोटं नव्हे; आपल्याकडच्या सोनारांनी ठसा बनवून पाडलेल्या. मूळ नाणी पुरेनाशी झाली, किंवा सारख्या आकाराच्या हव्या होत्या, म्हणून केलेल्या नकला. ज्याने तो ठसा कोरला त्याला रोमन लिपी येत नव्हती. सेंट मार्क कोण हे माहीत नव्हतं. त्याने जे दिसलं ते केलं. डोजचा झगा घोळदार झाला, संताच्या डोळ्यांचे दोन ठसठशीत ठिपके झाले, निशाणाच्या काठीला वर फुलासारखं काहीतरी आलं, आणि अक्षरांच्या जागी एका लयीत काड्या. पुढच्या सोनाराने ह्या नकलेची नक्कल केली, आणि चार-पाच पिढ्यांत चित्र पूर्ण आपलं झालं. खाली तमिळ मुलखात लोकांना ह्याच चित्रात ताडावर चढणारा ताडीवाला दिसला आणि त्यांनी नाण्याला त्याच्याच जातीचं नाव दिलं. आमच्याकडे राम दिसला. मला विचाराल तर कसब इथेच आहे. व्हेनिसच्या टांकसाळीतला कारागीर पगारी होता, त्याला चित्र बदलायची परवानगी नव्हती. आमच्या सोनाराला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.

नाण्यांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांना मी फोटो पाठवले. त्यांनी लगेच कळवलं, नाणं अस्सल आहे, पण "कडी लावल्यामुळे खराब झालंय". कडी उतरवून, डाक घासून काढला तरी खूण राहते आणि जाणकार ती ओळखतातच, त्यामुळे किंमत सोन्याच्या भावाच्या फार वर जाणार नाही. सोनाराने कॅरेटमीटरवर ठेवलं, ९९ च्या वर आकडा आला, तो खूश झाला. त्याच्या दृष्टीने मोडीत घालायला ह्याहून चांगली वस्तू नाही. एकाला कडी नको होती, दुसऱ्याला चित्र नको होतं. न्यू जर्सीच्या भाच्याने विचारलं, इन्शुरन्समध्ये दाखवायची का?

१२ मे १७९७ रोजी व्हेनिसच्या महासभेने नेपोलियनच्या धाकाने स्वतःलाच बरखास्त केलं. शेवटचा डोज लुदोव्हिको मानीन. अकराशे वर्षांचा डोलारा एका मतदानात आटोपला. आपल्याकडे त्या वेळी पुण्यात दुसरा बाजीराव नुकताच गादीवर आला होता आणि पेशवाईचीही वीसेक वर्षंच उरली होती. पण पुतळ्या पडतच राहिल्या. लक्ष्मी रोडवर आजही पुतळीहार मागितला की चार-पाच नमुने पुढे येतात, एक ग्रॅम सोन्याचा मुलामा दिलेलेसुद्धा. हल्ली बहुतेकांवर कमळातली लक्ष्मी असते, स्वच्छ, संगणकावर काढलेली. एका दुकानात मी मुद्दाम विचारलं, तो जुना, दोन माणसांचा ठसा आहे का? काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तो आता कोणी घेत नाही मॅडम, त्यात देव कळत नाही."

आईच्या पश्चात माळेची वाटणी आम्हा दोघी बहिणींत व्हायची होती, ती ह्या दिवाळीत केली. पुतळ्या समसमान घातल्या तरी अस्सल एक आणि ती कोणाकडे, हा प्रश्न होताच. ताईला मी सगळं सांगितलं: डोज, मोचेनीगो, मोखा, वीस खंड. ती शांतपणे शेव पाडत होती. मी म्हटलं, अस्सल तू घे, मला ती ठिपक्यांच्या डोळ्यांची दे. तिने सोऱ्या खाली ठेवला, हात पुसले आणि विचारलं, "दोन्हींचं वजन केलंस?" केलं होतं. झिजेमुळे अस्सलच अर्धी गुंज कमी भरत होती. "मग अस्सल तूच ठेव," ती म्हणाली, "तुला तिचं नाव तरी माहितीये."